वजनाची वही

काकांच्या तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी काकू दवाखान्यात आल्या. प्रकृती दाखवण्यासाठी आल्या असतील असे वाटून मी रक्तदाबाचे यंत्र पुढे ओढले. पण त्यांनी मानेनेच नको म्हटले आणि कापडी पिशवीतून एकावर एक चार वह्या काढून टेबलावर ठेवल्या. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याच्या, वरच्या वहीवर हळदीच्या बोटांचा डाग. "बाई, तुम्हीच लिहायला सांगितलं होतं. आता काय लिहू?" एवढे बोलून त्या खुर्चीत बसल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी वही उघडली आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघी वाचत बसलो.

वाचकहो, घरातला माणूस गेला की त्याच्याविषयीचे बोलणे त्याच्या शेवटच्या पंधरवड्यापाशी येऊन थांबते, हे आपणही अनुभवले असेल. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "नक्की काय झाले होते?" आणि घरचे तीच हकिगत पुनःपुन्हा सांगतात: श्वास कधी लागला, कोणत्या डॉक्टरांनी काय म्हटले, आयसीयूत किती दिवस काढले, बिल किती झाले. सत्तर-ऐंशी वर्षांचे भरले आयुष्य त्या शेवटच्या दहा-पंधरा दिवसांच्या आड जाते. या दोषात आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे. आमच्या केसपेपरवर वय, रक्तदाब, साखर यांना जागा असते. त्या माणसाने आयुष्यभर काय केले, याला रकाना नसतो.

म्हणून आज मी दोन गृहस्थांविषयी लिहीत आहे. एक हे काका. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही आणि मी ते सांगणारही नाही. दुसरे जामखेडचे डॉ. रजनीकांत आरोळे. हे दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण काकूंच्या त्या चार वह्या लिहिल्या गेल्या त्या दुसऱ्यांमुळे, हे मला ठाऊक आहे.

काका आमच्या नेवासे तालुक्यातले. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून म्हणून त्यांनी उभी नोकरी केली. १९५०-५१ साली प्रवरानगरला सहकारी कारखाना गाळपास लागला आणि त्यानंतर आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, उसाने घरोघरचे जगणे बदलले, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. कारखान्यात शेतकऱ्याचा जीव खरा टांगलेला असतो तो काट्यावर. उसाने भरलेली गाडी आधी काट्यावर येते, मग गव्हाणीत ऊस रिकामा होतो, मग रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतली वजाबाकी म्हणजे त्या शेतकऱ्याचे वर्ष. 'काटामारी' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा उच्चारला जातो, तो उगीच नव्हे. काका प्रत्येक गाडीचे वजन मोठ्याने, दोनदा वाचत. बैलगाडीवाल्याला अक्षर येत नसले तरी कान असतात, असे ते म्हणत. गळिताच्या हंगामात रात्रपाळी करून पहाटे घरी आले की अंघोळीआधी मुलांच्या अंगावरची पांघरुणे नीट करून मगच ते चुलीपाशी जात. एका हंगामात काकू दीर्घ आजारी होत्या, तेव्हा दोन्ही मुलींच्या वेण्या घालून त्यांना शाळेत पाठवण्याचे काम काकांनी केले. काट्यावरच्या मंडळींनी यथेच्छ चेष्टा केली. काकांचे उत्तर असे की, वजन दोन्ही बाजूंना सारखे पडले नाही तर गाडी कलंडते.

हे सारे मला त्यांच्या जाण्यानंतर कळले. ते हयात असताना, निदान आमच्या ओळखीची पहिली सहा वर्षे, माझ्या लेखी ते रक्तदाबाचे आणि गुडघेदुखीचे पेशंट होते.

२०११च्या एप्रिल-मेमध्ये ते तीनदा माझ्याकडे आले. पाय सुजतात, म्हणाले. मी पाहिले, घोट्याजवळ बोटाने दाबून पाहिले, आणि वय, उन्हाळा, गुडघे अशी स्वतःची समजूत घातली. गुडघ्यांसाठी पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. पाच दिवसांनी बरे वाटले म्हणून त्याच गोळ्या त्यांनी मेडिकलमधून परस्पर आणून महिनाभर घेतल्या. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. अशा गोळ्यांनी शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब वाढतो, थकलेल्या हृदयावर आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, हे मी पुस्तकात वाचलेले होते आणि इतरांना सांगतही होते. तिन्ही वेळा काकू बरोबर होत्या. तिन्ही वेळा त्या बाहेरच्या बाकावर बसल्या आणि आत बोलला तो त्यांचा मुलगा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एका रात्री काकांना बसल्या जागी श्वास घेता येईना. गाडी करून त्यांना नगरला नेले. हृदयाची झडप-बिडप नव्हे, हृदयाचा स्नायूच दुबळा झाला होता. फुप्फुसांत पाणी भरले होते. ते वाचले, पण थोडक्यात. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा व्हरांड्यात काकू एकट्या बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि पहिल्यांदाच त्यांना विचारले, "काकू, हे केव्हापासून चालले होते?"

त्यांनी जे सांगितले, ते एखाद्या मुरलेल्या डॉक्टरने टिपावे असे होते. होळीपर्यंत काका एका उशीवर झोपत. मग दोन लागल्या. पाडव्यानंतर तीन. मग भिंतीला टेकून बसल्याबसल्याच डोळा लागे, आणि रात्री एक-दोनच्या सुमारास ते दचकून उठत, खिडकीशी जाऊन उभे राहत. रात्री लघवीला चारदा उठणे सुरू झाले होते. चपलेचा पट्टा घट्ट होतो म्हणून काकूंनी तो महिन्यात दोनदा सैल करून आणला होता. धोतराची गाठ पूर्वीच्या जागी बसत नव्हती. हृदय थकत चालल्याची इतकी स्वच्छ, इतकी क्रमवार हकिगत मी क्वचितच ऐकली आहे. दोन महिन्यांची पूर्वसूचना त्या घरात होती. माझ्या दवाखान्याच्या बाकापर्यंत आलेलीही होती.

"काकू, मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही, बाई. आणि आम्हाला काय कळतंय त्यातलं?"

पहिले वाक्य खरे होते म्हणून बोचले. दुसरे खोटे होते, आणि ते त्यांच्या तोंडी आम्हीच घातले होते.

त्याच आठवड्यात, काका अजून इस्पितळातच असताना, वर्तमानपत्रात बातमी आली की, २५ मे रोजी डॉ. रजनीकांत आरोळे गेले. मी ती बातमी त्या व्हरांड्यातच वाचली. नगर जिल्ह्यातल्या माझ्या पिढीच्या डॉक्टरांना आरोळे हे नाव परीक्षेतल्या प्रश्नासारखे पाठ असते: जामखेड, १९७०, ग्रामीण आरोग्य प्रकल्प, मॅगसेसे पुरस्कार १९७९, पद्मभूषण १९९०. त्यांचे व त्यांच्या पत्नीचे 'जामखेड' हे १९९४ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक मी पदवीनंतर वाचले होते, भारावले होते आणि कपाटात ठेवून दिले होते. नगरहून परतल्यावर ते पुन्हा काढले. या वेळी मी ते पुरस्कारविजेत्या डॉक्टरांचे म्हणून नव्हे, एका गृहस्थाचे म्हणून वाचले, आणि निराळेच काही हाती लागले.

रजनीकांत आरोळे यांचा जन्म १० जुलै १९३४चा, राहुरीचा. आईवडील दोघेही शिक्षक. वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले आणि तिथेच त्यांना मेबल भेटल्या, त्याही डॉक्टर होत असलेल्या. १९६० साली दोघांचे लग्न झाले. आपले आयुष्य खेड्यांतल्या उपेक्षितांसाठी वाहायचे, असे व्रत त्यांनी लग्नातच घेतले. आपल्याकडे सप्तपदीत काय बोलले जाते ते वधूवरांना बहुधा ऐकूही जात नाही. इथे दोन माणसांनी जे म्हटले ते पुढची चाळीस-पन्नास वर्षे धरून ठेवले. १९६२ ते १९६६ ही वर्षे ते आमच्याच नेवासे तालुक्यात, वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. माझ्या लहानपणी 'वडाळ्याचा दवाखाना' हे शब्द घरात देवस्थानासारखे उच्चारले जात.

मात्र वडाळ्यातच त्यांच्या ध्यानी आले की, आपण इस्पितळात बसून जे बरे करतो, ते पुन्हा त्याच गावात, त्याच पाण्याने, त्याच उपासमारीने आजारी होऊन परत येते. आणि जे येतच नाहीत, त्यांचे काय होते ते आपल्याला कळतही नाही. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर दोघे अमेरिकेला गेले, तिथे मेडिसिन व शस्त्रक्रियेचे पुढील शिक्षण घेतले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथेच राहणे सोपे होते. १९७० साली ते मुलांना घेऊन परतले आणि बीड, उस्मानाबाद, सोलापूर यांच्या शिवेवर असलेल्या, पावसाने कायम फसवलेल्या जामखेडला घर केले.

'घर केले' हा शब्द मी मुद्दाम वापरते. मोठी कामे करणाऱ्या पुरुषांविषयी लिहिताना त्यांच्या घराचा उल्लेख बहुधा एका वाक्यात येतो, आणि तो पत्नीने सोसलेल्या हालअपेष्टांचा असतो. डॉ. आरोळ्यांच्या बाबतीत घर आणि काम वेगळे काढताच येत नाही. मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या हातून आरोग्य या विषयावर जो ग्रंथ काढला, त्यात जामखेडवरचे प्रकरण आहे. त्या प्रकरणावर आणि १९९४च्या पुस्तकावर आधी नाव मेबल यांचे आहे, मग रजनीकांत यांचे. एका डॉक्टर नवऱ्याची डॉक्टर बायको म्हणून सांगते, दवाखान्याच्या पाटीवर नावे कोणत्या क्रमाने लागतात, याला घराघरांत अर्थ असतो. शोभा आणि रवी ही त्यांची मुले जामखेडच्या मातीत वाढली. मुलगी डॉक्टर झाली, आणि पुढे दोघांनीही आईवडिलांचे काम खांद्यावर घेतले. मुलांनी आपले काम पुढे न्यावे, अशी इच्छा पुष्कळ बापांची असते. ते काम मुलांना हवेसे वाटेल असे घर ठेवणे थोड्यांना साधते.

जामखेडला आल्यावर लोकांनी त्यांना इस्पितळ मागितले नाही. पाणी आणि अन्न मागितले. १९७२चा दुष्काळ आपल्यातल्या अनेकांनी सुकडी खाऊन आणि खडी फोडून काढला आहे. आरोळे पतिपत्नींनी औषधांच्या आधी अन्नाची आणि पाण्याची सोय पाहिली. हातपंप घ्यायचे ते दलित वस्तीत, म्हणजे पाणी हवे तर सगळ्या गावाने तिथे यावे, अशी त्यात योजना होती. मग आरोग्याचे काम. शिकलेल्या नर्सना गावात नेमण्याचा पहिला प्रयत्न फसला. बाहेरून आलेल्या मुलीजवळ गावातल्या बाया मन मोकळे करीनात. तेव्हा एका सरपंचांनी सुचवले की, गावातलीच एखादी बाई घ्या. तिला कुठे लिहिता-वाचता येते, हा प्रश्न होता, आणि डॉ. आरोळ्यांचे मोठेपण मला दिसते ते हे की, त्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवून त्या बाईला शिकवले. निरनिराळ्या जातींच्या बाया जामखेडला येऊन एकत्र राहत, एकत्र जेवत, शिकत आणि गावी परतत. सुरक्षित बाळंतपण, जुलाबात साखर-मिठाचे पाणी, कातडीवरचा बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोग असू शकतो ही ओळख, आणि दर महिन्याला मुलांचे वजन. वजन वाढत नसेल तर मूल हसत-खेळत असले तरी काहीतरी चुकत आहे, हे वर्ग-बिर्ग न शिकलेल्या बाईला कळू लागले.

त्याचे फळ आकड्यांत दिसते. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे १९७१च्या सुमारास त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १७६ पहिल्या वर्षातच दगावत. १९९०च्या दशकात हा आकडा वीस-पंचवीसच्या घरात आला. १९८८ साली या आरोग्यसेविकांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी वॉशिंग्टनच्या परिषदेत भाषण केले. समोर झगमगते झुंबर होते. त्यांनी डॉक्टरांना झुंबराची आणि स्वतःसारख्यांना पणतीची उपमा दिली. झुंबर सुंदर, पण महाग आणि एकाच जागी. पणती मात्र दुसरी पणती पेटवू शकते, असा त्याचा भाव होता. आज आपल्या गावात फिरणारी 'आशा' २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. तिच्या मागे जी विचारांची वाट आहे, ती जामखेडवरून जाते.

१९९९ साली मेबल गेल्या. त्यानंतर डॉ. आरोळे बारा वर्षे जगले. वयस्क वाचकांना मी इथे थोडे थांबायला सांगेन. माझ्या व्यवसायात मी पाहते की, पत्नीच्या मागे राहिलेल्या पुरुषाची पहिली दोन वर्षे फार जोखमीची असतात. आपल्या गोळ्या कोणत्या डब्यात असतात, हेही अनेकांना ठाऊक नसते. जेवणाची वेळ चुकते, तपासण्या राहून जातात, बोलणे तुटते, आणि घरच्यांना वाटते की, दुःख आहे, होईल कमी. अशा घरात सुनेने, मुलाने या माणसाच्या हाती काहीतरी काम द्यावे. नुसती विश्रांती देऊ नये. डॉ. आरोळे शिकवत राहिले. जामखेडला देशोदेशीचे लोक शिकायला येत राहिले, मुले सोबत होती, गावोगावच्या त्या बाया होत्या. चाळीस वर्षे जे इतरांना देत आले, ते त्यांच्याभोवती उभे होते.

तर त्या २०११च्या मे महिन्यात हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना मला माझी चूक नीट दिसली. ज्या बाईला कुणी काही विचारत नव्हते, तिला विचारण्यापासून जामखेडच्या डॉक्टरांचे काम सुरू झाले होते. त्यांच्यापासून काही कोसांवर बसून मी एका बाईला तीनदा बाकावर बसवून ठेवले होते.

काका घरी आले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले आणि या वेळी सारे काकूंना समजावून सांगितले. त्या चौथी शिकलेल्या. मुलाने नगरहून वजनाचा काटा आणला. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, अंगावर तेवढेच कपडे ठेवून काकांचे वजन करायचे आणि वहीत लिहायचे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोच्या आसपास वाढले, तर ते अंगी लागलेले अन्न नव्हे, साठलेले पाणी असते; पाय सुजण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करायचा. किती उशा लागल्या ते लिहायचे. पापड, लोणचे, फरसाण बंद. पाणी किती ते ठरवून दिलेले. लघवीची गोळी सकाळी, आणि ती मनाने कमी-जास्त करायची नाही. दुखण्यासाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही. हृदय दुबळे असलेला माणूस आपल्या घरी असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारून हीच वही आपणही सुरू करू शकता. तिला फारसा खर्च येत नाही.

काका पहिल्या दिवशी काट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "तीस वर्षं गाड्या जोखल्या, आता माझीच गाडी काट्यावर." मग त्यांनी स्वतःचे वजन मोठ्याने, दोनदा वाचले. ही सवय शेवटपर्यंत राहिली. डोळ्यांनी आकडा दिसेनासा झाल्यावर काकू वाचत आणि ते दोनदा म्हणत.

चार वर्षांत काकूंचा मला पाच वेळा फोन आला. पाचही वेळा वजन वाढले होते, पाचही वेळा गोळीत बदल करून भागले. नगरला धावावे लागले नाही. एकदा दिवाळीत वजन वाढले, तेव्हा चौकशीत निष्पन्न झाले की, काकांनी नातवाकडून चोरून चकल्या मागवल्या होत्या. वहीत त्या तारखेपुढे काकूंनी लिहिले आहे: 'चकली. सहा. दोघांना रागावले.'

कारण वही आकड्यांपुरती राहिली नव्हती. मी तीन रकाने आखून दिले होते: तारीख, वजन, उशा. काही आठवड्यांतच काकूंनी उजवीकडे उरलेल्या जागेत लिहायला सुरुवात केली. त्या दिवशी दवाखान्यात आम्ही दोघी वाचत होतो ते हेच. 'नातवाला पावकी शिकवली. त्याला येत नाही. यांनाच येते.' 'धाकटी आली. तिच्या केसांना तेल लावून दिले यांनी.' 'आज पाऊस. काट्यावरचे जुने दोघे भेटायला आले. तिघे रडले.' 'वजन तेवढेच. बोलले नाहीत. थोरल्या बहिणीचा दिवस.' 'मला म्हणाले, तू पण उभी राहा. माझे पन्नास भरले.' एका पानावर नुसताच आकडा आणि पुढे, 'काही नाही. बरे आहे.' असे 'काही नाही, बरे आहे' वहीभर विखुरलेले होते. केसपेपरवर मी अशा दिवसाची नोंद कधीच केली नसती.

शेवटच्या वहीत शेवटचे दोन महिने अक्षर बारीक झाले आहे. २०१५च्या हिवाळ्यात काकांचे मूत्रपिंड साथ देईना. नगरला न्यायचे का, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा चौघांनी घरात बसून काकांनाच विचारले, आणि त्यांनी घरीच राहायचे ठरवले. मी रोज जात असे. श्वासाचा त्रास कमी राहावा एवढे औषध देता येत होते, ते दिले. उभे राहता येईना, त्या दिवशी काकूंनी वजनाच्या रकान्यात रेघ मारली आणि पुढे लिहिले, 'काटा कपाटावर ठेवला.' त्यानंतर सहा दिवसांच्या नोंदी आहेत. कोण आले, काय खाल्ले, किती झोप लागली. काकांना भेटायला जे लोक येत, त्यांत मला न ओळखणारे कितीतरी शेतकरी होते. एक जण पंचाहत्तरीचा. त्याने काकांच्या पायाशी बसून त्याच्या एका जुन्या गाडीचे वजन, किलोसकट, पाठ म्हणून दाखवले. का ते मला कळले नाही. काकांना कळले असावे, ते हसले.

त्या चार वह्या मी ठेवून घेतल्या नाहीत. आठवडाभर वाचून काकूंना परत दिल्या. वर्षश्राद्धाला जेवणे झाली की मुली त्यातली पाने मोठ्याने वाचतात, असे ऐकते. 'नक्की काय झाले होते' हा प्रश्न त्या घरात आता कोणी विचारत नाही.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. रक्तदाब आहे, पायांना थोडी सूज येते. हृदयाचे मी काळजीपूर्वक पाहून घेतले आहे. बाकावर कोणी बसत नाही. दोघी आत येतात आणि मी आधी सुनेला विचारते. मागच्या पंधरवड्यात सूनबाई नवी वही घेऊन आल्या. नातवाने मोबाइलवर एक अॅप घालून दिले होते, ते काकूंनी चार दिवसांत नापास केले. सूनबाईंनी पट्टीने नीट रकाने आखले होते: तारीख, वजन, बी.पी., गोळ्या. काकूंनी चष्मा लावून पान पाहिले.

"शेवटचा रकाना ठेवला नाहीस."

"कशाचा, आई?"

"दिवसभरात काय झालं त्याचा."

सूनबाईंनी माझ्या टेबलावरची पट्टी घेतली, गोळ्यांच्या रकान्यातून निम्मी जागा काढून एक रेघ मारली, आणि तिथेच बसून त्या दिवसाची नोंद केली. वजन ४६.५. आईंना घेऊन दवाखान्यात आले. बाईंनी चहा पाजला. आईंनी बिनसाखरेचा आहे म्हणून कुरकुर केली.